मार्च ते मे या काळात हवाई बेटांवर हवा कशी असते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मार्चअखेरपासून तीन आठवडे ओआहू, काउआई आणि माउई अशी सहल ठरते आहे. बरोबर सत्तरीतले आई-वडील आहेत आणि पाण्यातून बाहेर न निघणारा मुलगा आहे. फोनमधलं हवामानाचं ॲप तिन्ही बेटांवर रोज पाऊस दाखवतंय. जावं, की बेत जूनवर ढकलावा?

जा. पण ते ॲप बाजूला ठेवा. या बेटांवरच्या छोट्या बोटींसाठी आणि डोंगरवाटांवर जाणाऱ्या गटांसाठी हवामानाचे अंदाज तयार करणं हे माझं अनेक वर्षांचं काम आहे, आणि वसंतात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच असतो: "सातही दिवस पावसाचं चित्र दिसतंय, सहल रद्द करू का?" त्या चित्राचा अर्थ एवढाच, की ॲपच्या नकाशावर तुमचं गाव ज्या चौकोनात येतं त्या चौकोनात कुठेतरी, कधीतरी थोडा पाऊस पडेल. त्या चौकोनात समुद्रकिनाराही असतो आणि हजार मीटर उंचीचा ढगात बुडालेला कडाही. कड्यावर रोजच पाऊस असतो. किनाऱ्यावरचा माणूस त्याच वेळी ऊन खात पडलेला असतो.

तापमानाचा प्रश्न दोन वाक्यांत संपतो. होनोलुलूत मार्चमध्ये दुपारी साधारण २७ अंश आणि पहाटे २० च्या आसपास, मे महिन्यात त्यात दोनेक अंशांची भर. सगळ्यात थंड आणि सगळ्यात गरम महिन्याच्या सरासरीत जेमतेम चार-पाच अंशांचा फरक, कारण चारही बाजूंना हजारो किलोमीटर समुद्र आहे आणि समुद्र सावकाश तापतो, सावकाश निवतो. म्हणून वसंत आला हे इथे थर्मामीटरवरून कळत नाही. जुन्या हवाईयन गणनेतही ऋतू दोनच आहेत. काउ म्हणजे साधारण मे ते ऑक्टोबरचा कोरडा काळ आणि होओइलो म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिलचा ओला काळ. तुमची सहल नेमकी या दोहोंच्या सांध्यावर येते. म्हणून 'वसंतात हवा स्थिर असते' हे जे कुणी सांगतं ते अर्धंच खरं आहे.

इथे ऋतू ठरवतो तो वारा. बेटांच्या ईशान्येला, उत्तर प्रशांत महासागरावर, हवेच्या उच्च दाबाचं एक मोठं क्षेत्र असतं. त्याच्यातून सुटणारे ईशान्येचे व्यापारी वारे बेटांवर येऊन आदळतात. उन्हाळ्यात हे क्षेत्र बलवान असतं आणि उत्तरेकडे सरकलेलं असतं, त्यामुळे मे ते सप्टेंबर हे वारे ८० ते ९५ टक्के काळ वाहतात. हिवाळ्यात ते दुबळं होतं, उत्तरेकडून येणारी वादळं त्याला ढकलतात, आणि वाऱ्यांचं प्रमाण कधी कधी निम्म्यावर येतं. मार्च-एप्रिलमध्ये दोन्ही पक्षांची ओढाताण चालू असते. आठवडाभर उन्हाळ्यासारखा नेमस्त वारा, मग दोन-तीन दिवस वारा एकदम पडतो किंवा उलटा होतो, मग पुन्हा पूर्ववत. तुमच्या तीन आठवड्यांत असा खेळ एक-दोनदा तरी होईल हे धरूनच चला.

व्यापारी वारे चालू असतात तेव्हा सगळं सरळ असतं. ओल्या वाऱ्याला डोंगर आडवा येतो, वारा वर चढतो, गार होतो, ढग होतात आणि वाऱ्याकडच्या बाजूला पाऊस पडतो. पलीकडच्या आडोशाच्या बाजूला हवा खाली उतरते, तापते आणि ढग विरून जातात. घाटमाथा आणि त्याच्या पूर्वेचा कोरडा पट्टा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको. फरक इतकाच की घाटात हे चार महिने चालतं, इथे बारा महिने, आणि अंतरं फारच कमी. ओआहूवर वायकीकीच्या किनाऱ्यापासून मानोआ दरीच्या वरच्या टोकापर्यंत सरळ रेषेत सात किलोमीटर. किनाऱ्यावर वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आत पाऊस, दरीच्या टोकाला चार हजारांच्या घरात. काउआईवर वायआलेआले शिखराच्या परिसरात वर्षाला दहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तिथून पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या केकाहा गावात त्याचा विसावा हिस्सादेखील धड पडत नाही. आता सांगा, 'काउआईत पाऊस आहे का' या प्रश्नाला एका चित्रात उत्तर कसं देणार?

यातली एक गंमत सांगतो, कारण ती पुढे कामाला येईल. सगळ्यात उंच डोंगरावर सगळ्यात जास्त पाऊस असेल असं वाटतं, पण हवाई बेटावरचा (म्हणजे या समूहातल्या सगळ्यात मोठ्या, त्याच नावाच्या बेटावरचा) मौना केआ (४,२०७ मीटर) माथ्यावर जवळजवळ वाळवंट आहे. जगातल्या मोठ्या दुर्बिणी तिथे बसवल्या त्याचं हे एक कारण. बहुतेक दिवशी साधारण दोन हजार मीटरच्या आसपास हवेत एक थर असतो, जिथे वर जाताना तापमान कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. त्याला विपर्यय म्हणतात. खालची ओली हवा या झाकणाला टेकते आणि थांबते. ढग तिथेच चपटे होतात. वायआलेआले १,५६९ मीटर उंच, म्हणजे झाकणाच्या बरोबर खाली, म्हणून तो सतत भिजतो. मौना केआ आणि माउईचा हालेआकाला (३,०५५ मीटर) झाकण फोडून वर गेलेले, म्हणून माथा कोरडा. झाकण घट्ट असेल तर वसंतातला पाऊस म्हणजे दहा मिनिटांची सर, लगेच ऊन आणि इंद्रधनुष्य. झाकण उडालं की मात्र खरी गडबड सुरू होते.

झाकण उडतं कसं? वरच्या हवेत, म्हणजे पाच-सहा किलोमीटर उंचीवर, थंड हवेची एक द्रोणी (कमी दाबाचा लांबट पट्टा) किंवा तुटून वेगळा झालेला कमी दाब बेटांजवळ येतो. वर थंड, खाली उबदार आणि ओलं, अशी स्थिती झाली की ढगांना वर चढायला मोकळं रान मिळतं. असा कमी दाब बेटांच्या पश्चिमेला किंवा वायव्येला येऊन खालपर्यंत उतरला तर वारा फिरून दक्षिणेचा किंवा नैर्ऋत्येचा होतो. त्याला इथे कोना वारा म्हणतात आणि त्या कमी दाबाला कोना लो. मग वर सांगितलेलं सगळं उलटं होतं. एरवी कोरडी असणारी बाजू धो-धो भिजते, आडोशाचं बंदर एकाएकी उघड्यावर पडतं, आणि हे कमी दाब रेंगाळण्यात पटाईत असतात.

याची दोन उदाहरणं बघा, दोन्ही वसंतातली आणि दोन्ही काउआईची. २००६ मध्ये फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत सुमारे सहा आठवडे जवळजवळ सलग पाऊस झाला. १४ मार्चला का लोको धरण फुटलं आणि सात जणांचा जीव गेला. दुसरं १४-१५ एप्रिल २०१८ चं. हनालेईजवळच्या वायपा इथे चोवीस तासांत ४९.६९ इंच, म्हणजे १,२६२ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अमेरिकेतला चोवीस तासांच्या पावसाचा हा अधिकृत विक्रम आहे. दरडींमुळे हनालेईच्या पलीकडचा रस्ता सर्वसामान्यांसाठी वर्षभराहून जास्त काळ बंद राहिला. घाबरवायला सांगत नाही. अशी घटना दरवर्षी होत नाही. पण ज्या महिन्याला लोक 'पावसाळा संपला' म्हणतात, त्याच महिन्यात तो विक्रम झाला, हे विसरू नका.

म्हणून रोज सकाळी काय बघायचं ते सांगतो. आधी वाऱ्याची दिशा. ईशान्य किंवा पूर्व आणि वेग ताशी वीस-तीस किलोमीटर असेल तर दिवस नेहमीचा. पाऊस वाऱ्याकडच्या बाजूला आणि डोंगरावर, तोही बहुतांशी रात्री आणि पहाटे. आडोशाच्या किनाऱ्यावर खुशाल जा. वारा हलका आणि दिशाहीन असेल तर सकाळ छान जाते, दुपारी मात्र जमीन तापून समुद्राकडून वारे आत येतात आणि बेटाच्या मध्यभागी ढग जमून सरी पडतात. अशा दिवशी डोंगरवाट सकाळी उरका. वारा दक्षिण किंवा नैर्ऋत्येचा असेल तर अंदाज नीट वाचा, नुसता बघू नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचं होनोलुलू कार्यालय रोज गद्यात लिहिलेली सविस्तर चर्चा प्रसिद्ध करतं. चित्रांपेक्षा ती शंभर पटींनी उपयोगी. त्यात 'माउका' हा शब्द वारंवार दिसेल, तो डोंगराकडच्या बाजूसाठी आहे. समुद्राकडची बाजू 'मकाई'. 'वाऱ्याकडच्या आणि माउका भागात सरी' असं लिहिलेलं दिसलं तर ती वाईट बातमी नाही, रोजचंच रामायण आहे. 'वरच्या थरात द्रोणी', 'अस्थिरता', 'संथ गतीने सरकणारा' असे शब्द दिसले तर मात्र ओढे आणि धबधबे त्या दिवशी वर्ज्य.

ओढ्यांबद्दल जरा जास्त बोलतो, कारण इथे माणसं उन्हात बुडतात. नद्या आखूड आणि उभ्या उताराच्या आहेत. तुमच्या डोक्यावर निळं आकाश असताना वरच्या कड्यावर तासभर जोराचा पाऊस झाला, की घोट्याएवढं पाणी काही मिनिटांत छातीपर्यंत येतं. काउआईच्या ना पाली किनाऱ्यावरच्या पायवाटेवर हनाकापिआई ओढा आडवा येतो. एप्रिल २०१४ मध्ये तो असा अचानक फुगला आणि शंभराहून अधिक लोक पलीकडे अडकले, त्यांची सुटका करावी लागली. पाणी गढूळ झालं, काटक्या-पानं वाहून येऊ लागली किंवा वरून घरघर ऐकू आली, तर ओलांडू नका. अलीकडेच बसून राहा. हे ओढे जसे चढतात तसेच काही तासांत उतरतातही. ज्याला संध्याकाळचं विमान गाठायचं असतं तोच उडी मारतो. म्हणून ही वाट परतीच्या दिवशी ठेवूच नका. आणि त्या वाटेच्या सुरुवातीला असलेल्या हाएना उद्यानात बाहेरच्या पाहुण्यांना आगाऊ नोंदणी लागते. तारीख आधी ठरते, हवा नंतर कळते. अंदाज वाईट असेल तर नोंदणीचे पैसे बुडाले तर बुडाले.

आता समुद्र. मुलगा पोहणारा आहे म्हणून हा भाग नीट वाचा. इथल्या मोठ्या लाटा इथल्या हवेमुळे उठत नाहीत. हिवाळ्यात उत्तर प्रशांत महासागरात, अल्यूशियन बेटांच्या परिसरात, वादळं होतात आणि त्यांच्या लाटा दोन-तीन दिवसांनी हवाईच्या उत्तर किनाऱ्यांवर पोचतात. वारा नाही, ढग नाही, आकाश स्वच्छ, आणि तरी घरापेक्षा उंच लाट. ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावरचा वायमेआ उपसागर मार्चमध्ये सर्फर लोकांचा आखाडा असतो आणि जूनमध्ये तळ्यासारखा सपाट. एप्रिल हा मधला. त्यात दोन्ही रूपं दिसतात. याउलट दक्षिण गोलार्धातल्या, न्यूझीलंडकडच्या वादळांच्या लाटा एप्रिल-मेपासून दक्षिणेच्या किनाऱ्यांवर यायला लागतात. त्यांना सात हजार किलोमीटरचा प्रवास असतो, पोचायला आठवडाभर लागतो. त्या सहसा उत्तरेच्या लाटांइतक्या मोठ्या नसतात, पण वायकीकीत पहिल्यांदाच पाण्यात उतरणाऱ्याला लोळवायला पुरतात. दोन मोठ्या लाटांच्या झुंडींमध्ये पंधरा-वीस मिनिटांची शांतता असू शकते आणि घात तिथेच होतो. माणूस पाच मिनिटं बघतो, 'शांत आहे' म्हणतो आणि खडकावर फोटोला उभा राहतो. कुठल्याही अनोळखी किनाऱ्यावर अर्धा तास नुसतं बसून बघायचं, आणि मुलाला फक्त जीवरक्षक असलेल्या जागीच पाण्यात सोडायचं.

लाटांची उंची सांगण्याची इथली जुनी पद्धतही लक्षात असू द्या. स्थानिक सर्फर लाट मागच्या बाजूने मोजतात. त्यांचे 'पाच फूट' म्हणजे किनाऱ्यावरून दिसणारी भिंत जवळपास दहा फुटांची. हवामान सेवेच्या सूचनांमध्ये दिसणारी पूर्ण उंची असते. दोन आकडे जुळले नाहीत तर गोंधळू नका, मोठा आकडा धरा.

जेलीफिशचं एक वेळापत्रक आहे आणि ते बऱ्यापैकी पाळलं जातं. पौर्णिमेनंतर आठ ते दहा दिवसांनी बॉक्स जेलीफिश ओआहूच्या दक्षिण किनाऱ्यांवर, म्हणजे वायकीकी, आला मोआना, हनाउमा इथे, मोठ्या संख्येने येतात. पंचांग बघूनच पोहायचे दिवस ठरवा, पौर्णिमेनंतरची अष्टमी-नवमी-दशमी टाळा.

राहण्याच्या जागेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण हवेच्या दृष्टीने तोच सगळ्यात मोठा निर्णय आहे. आई-वडील बरोबर असताना मार्च-एप्रिलमध्ये काउआईवर उत्तरेच्या हनालेईत मुक्काम करू नका. दक्षिणेचं पोइपू बघा. उत्तरेचा भाग हिरवागार, देखणा, पण या दिवसांत सलग ओला असू शकतो आणि समुद्र खवळलेला. पोइपूहून एक चांगला दिवस बघून गाडीने उत्तरेला जाऊन येता येतं. माउईवर कीहेई किंवा वायलेआ. तिथे पाऊस कमी, पण दुपारचा वारा खट्याळ. दोन डोंगरांमधल्या सखल पट्ट्यातून वारा दाबला जाऊन वेगाने बाहेर पडतो, म्हणून मोलोकिनी या जवळच्या चिमुकल्या बेटाला जाणाऱ्या बोटी सकाळी सातच्या सुमारास निघतात. 'दुपारची स्वस्त फेरी' घेऊ नका, वडिलांना बोट लागेल. काउआईच्या ना पाली बोटींचंही असंच आहे. हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला दक्षिणेच्या पोर्ट ॲलनहून निघणारी मोठी बोट घ्या. उत्तरेच्या हनालेईहून जाणाऱ्या फेऱ्या प्रामुख्याने उन्हाळ्यातल्या.

उन्हाबद्दल लोक बेफिकीर असतात, कारण वारा गार लागतो. एप्रिलमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि अतिनील निर्देशांक अकराच्या वर जातो. मेच्या उत्तरार्धात तर सूर्य अगदी डोक्यावर येतो. होनोलुलूत २६ मेच्या आसपास भरदुपारी सरळ खांबाची सावली नाहीशी होते. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन विकायला प्रवाळाच्या रक्षणासाठी २०२१ पासून हवाईत बंदी आहे. झिंक ऑक्साइडची घ्या, आणि त्याहून बरं म्हणजे पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा.

हालेआकालावर सूर्योदय बघणार असाल तर तिथे झाकणाच्या वरचा हिशोब लागतो. मार्च-एप्रिलच्या पहाटे तापमान शून्याच्या जवळ जाऊ शकतं, वर वारा. खाली घामाघूम होणारी माणसं वर चादरी गुंडाळून कुडकुडताना दिसतात. लोकरी टोपी आणि हातमोजे घ्या, आणि पहाटे तीन ते सात या वेळात गाडी आत न्यायला आगाऊ नोंदणी लागते हे ध्यानात ठेवा. वडिलांना हृदयाचा किंवा श्वसनाचा त्रास असेल तर तीन हजार मीटर उंचीवर एकदम जाण्याआधी डॉक्टरांशी बोला.

श्वसनावरून आठवलं. हवाई बेटावरचा किलाउएआ ज्वालामुखी डिसेंबर २०२४ पासून पुन्हा पुन्हा उसळतो आहे. त्याच्या वायूंपासून जे धुरकट धुकं बनतं त्याला इथे व्हॉग म्हणतात. व्यापारी वारे असताना ते त्या बेटाच्या कोना, म्हणजे पश्चिमेच्या, बाजूला साचतं. दक्षिणेचा वारा सुटला तर माउई आणि ओआहूपर्यंत येतं. दमा असणाऱ्याने वाऱ्याची दिशा बघण्याचं हे आणखी एक कारण.

एल निन्योचं वर्ष असेल तर हिवाळा आणि वसंत सहसा नेहमीपेक्षा कोरडे जातात. ला निन्यात उलट कल असतो, पण त्यावर तिकीट काढण्याइतका भरवसा ठेवू नका.

जूनवर ढकलण्याबद्दल म्हणाल तर जूनमध्ये वारा नेमस्त, उत्तरेचा समुद्र शांत आणि पाऊस कमी. पण जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम आहे, शाळांच्या सुट्ट्यांमुळे गर्दी आणि भाडी वाढतात, आणि कुबडे देवमासे तोवर अलास्काकडे निघून गेलेले असतात. मार्चमध्ये ते माउईच्या आडोशाच्या समुद्रात किनाऱ्यावरूनही दिसतात, एप्रिलमध्ये कमी होत जातात. त्यांच्यासाठी मी एक-दोन ओले दिवस खुशीने सोसेन. कोलेआ नावाचा चिखल्या पक्षीही एप्रिलअखेर अलास्काला जातो. त्याआधी त्याच्या छातीवर काळा रंग चढतो. बागेतल्या हिरवळीवर तो दिसला की समजा, होओइलो सरत आला.

तारखा अजून हलवता येत असतील तर मी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात निघून महिनाअखेरीस परत येईन. देवमासे थोडे तरी सापडतील आणि वारा बराचसा नेमस्त झालेला असेल. त्यापुढे २९ एप्रिल ते ५ मे जपानची मोठी सुट्टी असते आणि वायकीकी भरून जातं. ईस्टरनंतरच्या आठवड्यात हिलोत हुला नृत्याचा मोठा उत्सव असतो, तेव्हा हवाई बेटावर जायचा मोह झाला तर खोली आधी बघा, मग विमान. बेटांचा क्रम लावताना काउआई शेवटी ठेवा. एप्रिल जसा सरतो तसा उत्तरेचा समुद्र निवळत जातो, आणि शेवटच्या आठवड्यात मुलाला हनालेईत पाण्यात उतरायची संधी मिळण्याची शक्यता पहिल्या आठवड्यापेक्षा खूप जास्त असेल.